मी मोठ्याने केलेली प्रार्थना

ही साक्ष मी फार वर्षं टाळली. वर्षअखेरीच्या साक्षीसभेत मी दरवेळी उभा राहायचो, प्रभूने आजारातून कसं उठवलं, नोकरीत कसं सांभाळलं ते सांगायचो, लोक ‘आमेन’ म्हणायचे. ही एक गोष्ट मात्र ओठांवर आली की दुसरंच काहीतरी सांगून खाली बसायचो. आता वय झालं. आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांमध्ये सेवा करणारे नवे लोक आले आहेत, आणि त्यांच्याकडे संशयाने पाहणारे, मी होतो तसे पालकही आहेत. दोघांसाठी लिहितो आहे.

माझी पत्नी गेली तेव्हा आमची एस्तेर नववीत होती. मी जालन्यात सरकारी नोकरीत होतो आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. जेवण, शिकवणी, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, सगळं बरोबर चाललं आहे अशी माझी समजूत होती. पोरगी घरात बोलेनाशी झाली, तर त्यालाही मी समजूतदारपणाच मानलं. ती मोकळेपणाने बोलायची ती फक्त शालिनीताईंशी. ताई टेंभुर्णीच्या शाळेत शिक्षिका होत्या. दर शनिवारी बसने यायच्या आणि चर्चच्या मागच्या खोलीत शाळा-कॉलेजच्या मुलांना घेऊन बसायच्या. त्यांचा नियम एकच होता: इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. आम्हा पंचांना तो खटकायचा. एकदा मी म्हणालोही, "ताई, लेकरं आमची, अन् लपवायचं आमच्यापासूनच?" त्या हसल्या. "भाऊ, तुमच्यापुढं ते पाठ केलेली वचनं म्हणतात. ती मला बी येतात. त्यांचं दुखून काय राह्यलंय, ते मला ऐकायचंय."

एका शनिवारी मी चर्चच्या कामासाठी तिकडे गेलो होतो. खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून एस्तेरचा आवाज आला आणि मी दाराशी थबकलो. "मम्मीसाठी एवढी प्रार्थना केली. आता मी नुसते डोळे मिटते. पप्पांना वाटतं, प्रार्थना करते." ताईंनी उपदेश केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग डोळे उघडे ठेवून बस. मी बसते तुझ्याजवळ." मी पाय न वाजवता मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी उपासनेत इतरांसाठी करायची मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. आजारी, विधवा, पाऊसपाणी झालं, आणि मग मी रडत म्हणालो, "प्रभू, माझ्या लेकीने तुझ्याकडे पाठ फिरवली आहे. ती प्रार्थनेचं सोंग करते. तिला परत आण." लोक हुंदके देत होते. मी ढोंग करत नव्हतो, हे खरं आहे. पण जी गोष्ट मी शेजाऱ्यालाही सांगितली नसती, ती डोळे मिटून भरल्या मंडळीला सांगितली. आपल्या लोकांत ही खोड आहे. चहाडी म्हणून जे बोलता येत नाही, ते आपण ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून बोलतो. मी डोळे उघडले तेव्हा एस्तेरची जागा रिकामी होती.

ताईंनीच फोडलं, असं तिने धरलं. दुसरं काय धरणार? ताई घरी आल्या. "ती माझं तोंड बी पाहायला तयार न्हाई. मी कुणाला एक शब्द सांगितला न्हाई, भाऊ. तुम्ही त्या दिवशी दाराशी होता का?" मी मान खाली घालून म्हणालो, "सांगतो तिला." सांगितलं नाही. इतर पालकांनीही मुलं पाठवणं बंद केलं. पंचांची बैठक झाली आणि ताईंनी काही काळ विश्रांती घ्यावी असं ठरलं. त्या एका वाक्यात मला उघडं पाडू शकत होत्या. त्यांनी फक्त पर्स उचलली.

पुढच्याच आठवड्यात एस्तेर शिकवणीहून परत आली नाही. मैत्रिणींकडे नव्हती, नातेवाइकांकडे नव्हती. शोधत शोधत मी बसस्टँडवर आलो. चतुर्थी होती, राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी स्टँड भरून गेला होता. मी एका खांबाला टेकून प्रार्थना करायला लागलो. एरवी माझी जीभ प्रार्थनेत कधी अडखळत नसे. त्या दिवशी ‘प्रभू’ या शब्दापुढे दुसरा शब्दच सुचेना. तेवढ्यात धोतरातला एक म्हातारा जवळ आला. "काय झालं हो, मास्तर? पाकीट मारलं का?" मी म्हणालो, "मुलगी सापडत नाही." "चष्मेवाली? खांद्याला निळी पिशवी? ती मघाच टेंभुर्णीच्या गाडीत गेली की! रडून राह्यल्ती, आमच्या हिनं पाणी पाजलं तिला. आम्हाला त्या गाडीत जागा भेटली न्हाई." राजूरवरून टेंभुर्णीला जाणारी पुढची गाडी लागली तसं त्याने गर्दीत मला दंडाला धरून चढवलं आणि बायकोला म्हणाला, "सरक जरा. गणपती काय रागावत न्हाई, आधी यांची पोरगी." राजूरला दोघं उतरून गेले. नाव विचारायचं राहिलं. तो माणूस तिथे कोणी ठेवला होता, यावर मला वाद घालायचा नाही.

टेंभुर्णीत ताईंच्या घरी एस्तेर जेवत बसली होती. ती भांडायला गेली होती. ताईंनी तिला काय सांगितलं ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं: "माझ्या खोलीतलं बाहेर गेलं, म्हणजे सांभाळायला मीच कमी पडले. मला माफ कर. अन् पप्पांना सोडू नको, ते भ्यालेत." मी दारात उभा होतो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मी म्हणालो, "चल एस्तेर, गाडी सुटेल."

देवाने माझी लेक मला परत दिली, आणि जिच्या हातून दिली तिचं नाव मी डागाळलेलंच ठेवलं. एस्तेर हळूहळू, तिच्या तिच्या वाटेने, प्रार्थनेकडे वळली. माझ्या रडण्याने नाही, हे मला आता कळतं. लेकरू प्रभूच्या स्वाधीन करतो असं मी कितीदा म्हणालो असेन. पण ते त्याच्याशी काय बोलतं ते ऐकायला कान मात्र दाराला लावून ठेवला. पालकांनो, तुमचं मूल तुमच्याऐवजी दुसऱ्या भल्या माणसाजवळ रडलं, तर वाईट वाटेल. वाटू द्या. त्या माणसासाठी देवाचे आभार माना आणि घरी जा.

ताईंनी तरुणांचं काम पुन्हा हाती घेतलं नाही. गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी टेंभुर्णीला गेलो, सगळं बोलायचं ठरवूनच. त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, प्रार्थना करा." मी केली. चांगली केली, लांब केली. आमेन झालं, चहा आला, मी उठलो. पुन्हा जाण्याआधीच त्या प्रभूकडे गेल्या.

अंत्यविधीहून परतताना मी एस्तेरला सगळं सांगितलं. आता तिचीच मुलं मोठी झाली आहेत. ती म्हणाली, "मी त्यांना ‘माफ केलं’ म्हणाले, पण पुन्हा कधी मनातलं सांगितलं नाही, पप्पा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करताना आवाज चांगला लागला होता तुमचा. आता हेही तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

म्हणून सांगतो आहे. प्रभूने मला सत्य बोलण्याइतकं आयुष्य दिलं, त्याचे आभार. पण ज्यांच्याशी बोलायचं होतं, त्यांच्या खाटेशी बसून मी एवढंही म्हणू शकलो नाही: ताई, दाराशी मीच होतो. तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं. मला क्षमा करा.