मामांचा मोठा वळसा

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही, आणि त्यांच्याइतकी छाती असलेला माणूसही मी दुसरा पाहिला नाही. धंतोलीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. आठवडाभर लोकांचे जबडे उघडायचे आणि रविवारी सकाळी अंबाझरी तलावावर मोटरबोट चालवायची, हा त्यांचा क्रम. चार मित्रांनी मिळून ती जुनी बोट कुठूनशी पैदा केली होती. बोटीला लांब दोर, दोराला लाकडी मूठ, आणि ती धरून, पायांत फळ्या अडकवून पाण्यावरून घसरत जायचं, असा हा स्कीइंगचा खेळ. सत्तर सालाच्या आसपास तो पाहायला बांधावर जत्रा जमे. टाळ्या फळ्यांवरच्या माणसाला मिळत. मामांकडे कुणी बघत नसे आणि मामांना तेच पसंत होतं. "त्याचं लक्ष टाळ्यांकडे, माझं पंख्याकडे," ते म्हणत. पंखा म्हणजे बोटीखाली फिरणारं पातं. साऱ्या दुनियेत मामा त्या एका वस्तूला भीत.

या भीतीपोटी त्यांनी इतके नियम केले होते की त्यापेक्षा विहिणीचे मानपान परवडले. मागे तोंड करून बसणारा माणूस असल्याशिवाय बोट किनारा सोडत नसे. चालवणाऱ्याने पुढे पाहायचं आणि मागचं त्याला दुसऱ्याने सांगायचं. हे दुसरेपण जावई म्हणून माझ्या गळ्यात आलं. "जावईबापू, मागे पाहून राहिले ना?" असं ते घडोघडी विचारत. एकदा "काय दिसून राहिलं?" या प्रश्नाला मी बांधावरच्या गाडीकडे बघत "भजी" असं खरं उत्तर दिलं. मामांनी तलावाच्या मध्यावर इंजिन बंद केलं आणि माझं चित्त ठिकाणावर येईपर्यंत बोट हलवली नाही. म्हशी पाण्यात असल्या तर शेवटची म्हैस बाहेर पडेपर्यंत आम्ही काठावर बसून राहत असू. "तिले काय मालूम आपण कुठून येऊन राहिलो ते?" बांधाच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं. आमच्यातल्या एका वकिलांनी भर वेगात देवळासमोर सवयीने दोन्ही हात जोडले आणि मूठ सुटून ते थेट तळ्यात गेले. तेव्हापासून हुकूम निघाला, "देवाले मनातल्या मनात. हात दोरीले."

पण सगळ्यात जास्त टिंगल व्हायची ती त्यांच्या वळशाची. पाण्यात पडलेल्याला घ्यायला ते सरळ कधी जात नसत. वरातीने गाव फिरावं तशी बोट लांबून फिरून, मग वेग उतरवत हळूहळू यायची आणि जवळ आली की इंजिन पूर्ण बंद. डिसेंबरच्या पाण्यात कुडकुडणारा माणूस तोवर मामांच्या सगळ्या घराण्याचा उद्धार करून मोकळा झालेला असे.

मग त्यांची एकुलती एक मुलगी वीणा कॉलेजात गेली आणि तिने फळ्यांवर उभं राहायचा हट्ट धरला. मामांनी फार टाळलं. "मुलगी आहे म्हणून नाही म्हणता ना?" तिने विचारलं.

"मुलगी म्हणून नाही वं. माझी म्हणून," मामा म्हणाले. पण या बोलण्यानंतर त्यांना नाही म्हणवेना.

वीणा पहिल्याच रविवारी सुरेख उभी राहिली. देवळासमोर आली आणि तिने दोन्ही हात जोडले. "पडली," मी सांगितलं. तिने लगेच पाण्यातून हात वर केला. लागलं नाही, याची ती खूण. मामांनी नेहमीसारखा लांब वळसा घेतला, बोटीचं तोंड तिच्याकडे केलं आणि वेग उतरवायला दांडा मागे ओढला. दांडा अडकला होता. इंजिन तसंच गरजत राहिलं. किल्लीकडे हात न्यावा तर चाक सुटणार. समोर वीणा हसत हात हलवत होती. चाकावर बाप होता, तिला कसली काळजी? मामांनी चाक काठाकडे फिरवलं आणि दाबून धरलं. वळताना बोटीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि पंखा नेमका तिथे असतो. ज्या लांब वळशाला आम्ही हसत आलो होतो, त्याचंच अंतर पुरलं. लाट वीणाच्या डोक्यावरून गेली, पंखा गेला नाही. बोट बेशरमाच्या झुडपांत शिरली, दगडावर फुटली आणि गप्प झाली.

मामांच्या कपाळातून रक्त येत होतं. दोन्ही हात अजून चाकावर होते. "जावईबापू, तुम्हीच पाहा," ते म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही."

मी पाहिलं. वीणा फळी काखेत धरून पोहत येत होती आणि चांगलीच चिडली होती. "बाबा, चांगली बोट काहून फोडली?"

"चाक हुकलं," मामा म्हणाले. चिखलात उतरून त्यांनी तिचे हात पाहिले, पाय पाहिले, आणि मग आणखी काय पाहावं ते न सुचून तिची हनुवटी धरून म्हणाले, "आ कर." तिने केला. ते कितीतरी वेळ आत बघत उभे होते. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो. माणसाबद्दल इतका आदर मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

बोट पुन्हा पाण्यात उतरली नाही. खरं काय झालं ते मामांनी मला वीणाला कधी सांगू दिलं नाही. "पाण्याचं भेव बसंल तिले," एवढंच म्हणत. आता मामा नाहीत. वीणाच्या घरी जेवायला जमलो की ती आपल्या मुलांना, आजोबांना बोट कशी चालवता येत नव्हती आणि त्यांनी ती सरळ झुडपात कशी घातली, ते रंगवून सांगते. मुलं पोट धरून हसतात. मीही हसतो. मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जातो.