बर्फावर फोडलेला नारळ

लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या मंडळींमध्ये एक किस्सा वर्षानुवर्षं सांगितला जायचा. गणपतीची जेवणं उरकून सगळे सोफ्यावर पसरले की कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी, तो नारळाचा किस्सा होऊन जाऊ दे." मग माझ्या मित्राची बायको रंगवून सांगायची. नवऱ्याने मासे पकडायला चाकांची खोली बांधली, स्कॉटलंडच्या गोठलेल्या तळ्यावर ओढत नेली, तिथे नारळ फोडला आणि नारळाबरोबर तळंही फुटलं! सगळे हसायचे. मीही हसायचो. मित्र हसायचा तो खाली बघून. त्याला जाऊन आता दुसरा हिवाळा आला. तो किस्सा खोटा होता, आणि तो खोटा मी केला होता.

मित्र मालवणचा. मासा म्हटलं की त्याला बाकी काही सुचायचं नाही. मी डॉक्टर. एक हिवाळा कॅनडातल्या हॉस्पिटलमध्ये काढून आलो होतो. तिथे लोक चाकांवरची लाकडी खोली गाडीने ओढत तळ्यावर नेतात, खोलीच्या तळातल्या झाकणातून बर्फाला भोक पाडतात आणि आत उबेत बसून मासे धरतात. हे फोटो मी त्याला दाखवले आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. आपल्या घराच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, जुन्या कॅरॅव्हॅनच्या सांगाड्यावर, त्याने तशी खोली बांधली. हलकी, नेटकी, खिडकीला पडदासुद्धा.

त्या जानेवारीत उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये, कडाक्याची थंडी पडली. खोली गाडीमागे जोडून आम्ही चार जोडपी तिकडे गेलो आणि डोंगरातलं एक कॉटेज घेऊन राहिलो. समोर तळं, कॉटेजच्या मालकाची चार जाड चाकांची क्वॉड बाइक, आणि बर्फातलं कळणारा एकटा मी. नाश्त्याच्या टेबलावर मी सगळ्यांचा क्लासच घेतला. बाइक आणि खोली यांच्यामध्ये लांब दोर ठेवायचा, म्हणजे दोघांचं वजन एका जागी पडत नाही. चालीच्या वेगानेच जायचं. खोलीचं दार उघडं ठेवायचं. माणसांनी घोळका करायचा नाही. कोणी पाण्यात गेलंच तर पालथं आडवं होऊन दोर टाकायचा. आणि मुख्य म्हणजे, दर काही पावलांवर गिरमिटाने भोक पाडून बर्फाची जाडी बघत पुढे जायचं, कारण जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे खालून पाणी वाहत असतं आणि बर्फ पातळ राहतो.

"वा, डॉक्टर! तुझ्यावर सोडलं आता," मित्र म्हणाला.

गिरमिट घेऊन मी एकटाच पुढे गेलो. काठाजवळ दोन भोकं पाडली. बर्फ चांगला वीतभर होता. वारा असा बोचत होता की बोटं वाकेनात. मी परत फिरलो आणि सांगितलं, "मस्त आहे. सगळीकडे सारखंच."

मित्राने माझं ऐकून सगळं केलं. लांब दोर, उघडं दार, सावकाश वेग. मध्ये थांबून त्याने मला हाक मारली, "डॉक्टर, ओढ्याच्या बाजूला नेऊ का रे? मासा तिकडेच असणार."

मी काठावर थर्मासमधला चहा ओतत होतो. कप वर करून ओरडलो, "ने, ने! बघितलंय मी."

मी बघितलं नव्हतं.

खोली जागेवर उभी राहिली आणि आपल्या लोकांचं नेहमीचं सुरू झालं. नवीन वाहन आहे, नारळ नको का फोडायला? वहिनींनी पर्समधून हळदकुंकू काढलं. "अहो, थांबा, सगळ्यांना येऊ दे!" झाडून सगळे खोलीच्या तोंडाशी जमले. मी अर्ध्या वाटेवर होतो. लांब लांब उभे राहा, एवढंच ओरडायचं होतं. पण ओरडलो असतो तर माझी खात्री नाही हे उघड झालं असतं. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, लवकर या, प्रसाद संपेल!"

नारळ फुटला. मागोमाग पायाखालून बंदुकीसारखा आवाज आला. खोलीचं एक चाक खाली गेलं आणि तिच्या शेजारी वहिनी कमरेपर्यंत पाण्यात. बाकीचे काठाकडे पळाले. मित्र मात्र मी शिकवलं होतं तसा पालथा आडवा झाला, दोर सोडवून तिच्याकडे टाकला आणि सरपटत मागे येत तिला ओढून काढलं. किस्स्यात हे कधीच नसायचं.

कॉटेजवर मी वहिनींचे पाय कोमट पाण्यात धरले होते. त्या थरथरत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कोणी काही विचारायच्या आत मी मित्राला म्हणालो, "अरे, तिथे नारळ कशाला फोडायचा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चुकलंच माझं."

घरी आल्यावर वहिनींनी शेड पाडायला लावली. "तुमचे उद्योग बस झाले," म्हणाल्या. हत्यारं चॅरिटी शॉपला दान म्हणून गेली. ज्या माणसाचे हात कधी स्वस्थ नसत, तो पुढे रिमोट धरून बसायला लागला. एकदा आम्ही दोघेच असताना त्याने विचारलं, "डॉक्टर, त्या बाजूला बर्फ किती होता रे?" मी म्हणालो, "जाऊ दे ना आता." तो हं म्हणाला आणि त्याने चॅनल बदललं.

या गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या गावाहून, रीडिंगहून, हॅरोला गेलो आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबले.

"ह्यांना माहीत होतं?"

"हो."

त्या खिडकीतून शेडच्या जुन्या चौथऱ्याकडे बघत राहिल्या. तिथे आता त्यांच्या कुंड्या आहेत. "मी सांगायचे तेव्हा ते इथेच बसलेले असायचे, भाऊजी." चहा विचारला नाही.

गणपतीत जेवणं झाल्यावर कोणीतरी फर्माईश केलीच. वहिनी म्हणाल्या, "आता भाऊजी सांगतील." मी गिरमिटापासून सुरुवात केली, काठाजवळच्या दोन भोकांपासून. जरा वेळाने कोणीतरी हसत विचारलं, "अहो, आणि नारळ?"

"नारळाचं काही नाही त्यात," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, पुढे सांगा."