होडीला हाक

पेडण्याच्या फिजिओथेरपीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर रोज नदीकाठच्या चोपडे गावचे एक आजोबा असत. माझा खांदा आखडलेला, तर त्यांचा उजवा हात अर्धांगाने मांडीवर निपचित पडलेला.

एकदा थेरपिस्ट मुलीने त्यांना समजावलं, "आजोबा, दोन नसा एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये बारीक फट असते. निरोप आला की अलीकडची नस रसायन सोडते. ते पार गेलं की पलीकडची जागी होते. रोज निरोप धाडले की वाट पक्की होते."

आजोबा खुलले. "म्हणजे बाय, आमच्याकडे पूल नव्हतो तेव्हाची होडीच ही! हाक मारल्याशिवाय तारी होडी काढी नाय."

तेव्हापासून ते डावा हात तोंडाशी धरून, नदीकाठावरून नावाड्याला मारावी तशी लांबलचक हाक उजव्या अंगठ्याला मारत, "तारी होऽऽ!" आधी आम्ही हसलो, मग आम्हीही ओरडू लागलो. कंटाळवाणा व्यायाम मला चक्क आवडू लागला.

एका सकाळी हाकेपाठोपाठ अंगठा हलला. खोलीभर टाळ्या! आजोबांनी डावा हात उंचावून सगळ्यांना गप्प केलं.

"रवा रे! एकच उतारू इलो. चार अजून पलतडीर आसत!"