सतरा नंबरची कुपी

प्रयोगशाळेत तिला सगळे काकू म्हणत. कामाला वाघीण, जिभेला तिखट. एखादा नवा डॉक्टर परीक्षानळीला बूच न लावता निघाला की विचारायची, "घरी दूधही असंच उघडं टाकता का?" आणि बूच स्वतःच लावायची.

तिथलं काम म्हणजे आजार करणाऱ्या यीस्टला, म्हणजे एका बारीक बुरशीला, छळायचं. रुग्णांना लावलेल्या नळ्यांवरचं, नंबर घातलेल्या कुप्यांत जपलेलं यीस्ट प्लास्टिकच्या खळग्यांत घालायचं, उपाशी ठेवायचं, उष्णता वाढवायची. छळ झाला की त्यातलं काही एकमेकांना घट्ट बिलगतं, चिकट थर करतं. मग औषधाची मात्रा चालत नाही. खळगे धुऊन जांभळा रंग घातला की थर किती जाड ते कळतं.

सतरा नंबरच्या कुपीतलं यीस्ट काकूच्या नवऱ्याच्या गळ्यापाशी लावलेल्या नळीवरचं होतं. चार वर्षांपूर्वी त्यानंच त्यांचा घास घेतला. शेवटचे अकरा दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. कुपीवर नाव नसतं, आणि ती भरली होती काकूनेच, त्यामुळे हे तिलाच ठाऊक. त्या मेल्या यीस्टचा तिला राग यायला हवा होता. यायचाही. पण ह्यांच्या अंगातलं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि तिला ते हवं होतं.

म्हणून उपासाच्या प्रयोगात बाकी सगळे कडकडीत उपाशी, आणि सतरा नंबरला मात्र ती गुपचूप पोटभर खाद्य घालायची.

व्हायचं तेच झालं. सतराचा खळगा धुतला की लख्ख! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "काकू, हा सतरा नंबर कुचकामी आहे. थरच करत नाही. टाकून द्या, जागा तरी होईल."

काकूची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "मॅडम, मीच त्याला खायला घालत होते."

"का?"

"ह्यांचं आहे ते."

मॅडमनी कुपी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "पुन्हा करा. या वेळी नियमाने. थर आला तर ठेवू."

दोन दिवस सतरा उपाशी राहिला. काकूच्याही घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी रंग घातला. सतराचा थर सगळ्यांत जाड निघाला. खाली धरलेला कागदसुद्धा दिसेना.

"जपून ठेवा हा," मॅडम म्हणाल्या.

कुपी शीतपेटीत ठेवण्याआधी काकूने त्यातला एक थेंब ताज्या खाद्यात सोडला. आसपास कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "झालं हो. जेवून घ्या आता."