जुळलेल्या दातांची मोटरसायकल

माझ्या चुलत मामांनी आयुष्यात एकही गोष्ट दात पाहिल्याशिवाय घेतली नाही. लिहिल्यावर हे वाक्य मलाच थोडं जास्तीचं वाटलं, पण खोडवत नाही. मामांची तासगावच्या अलीकडे थोडी उसाची जमीन आहे, पण जीव सगळा शर्यतीच्या बैलांत. बैलाचं वय दातांवरून कळतं आणि आमच्याकडच्या मैदानात गटही दातांवरूनच पडतात. दुधाचे दात असलेलं कोवळं खोंड आदत गटात, दोन दात आलेलं दुसा गटात, सगळे दात आलेला बैल जुळलेल्यांत. मामांना सगळं जगच असं दिसतं. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी चहा यायच्या आत, "जरा हसा बघू पाव्हणं," असं सांगितलं होतं. मुलगा घाबरून हसला, आणि लग्न ठरलं. सायकल घ्यायला गेले तेव्हा ते साखळीच्या चक्राचे दाते निरखत बसले. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक फार जाणकार आहे.

एका मैदानात त्यांची गाडी उलटली, मांडी मोडली आणि माणसांनी त्यांना दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. मामींनी त्यांना बैलाच्या वशिंडावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा शर्यतीच्या बैलगाडीत पाय ठेवणार नाही. मामांनी ती पाळली. बैल विकलेसुद्धा. आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर, पेट्रोल महागल्याची ओरड चाललेली असताना, ते साताऱ्याला माझ्या वसतिगृहाच्या दारात येऊन उभे राहिले.

"चल रं भाच्या, मोटरसायकल घ्यायची हाय. शर्यतीची."

मी हबकलोच. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे इंग्रजी आणि यंत्रं या दोन्ही गोष्टी मला येतात असं सगळे धरून चालतात. खरं तर त्यातली एकच येते, तीही अडखळत. मी कसंबसं म्हणालो, "मामा, मामीला शब्द दिलाय न्हवं तुमी?"

"बैलाचा दिलाय. लोखंडाचा न्हाई."

पुण्याकडची काही हौशी पोरं सांगलीजवळ कवलापूरच्या रिकाम्या धावपट्टीवर आणि तिच्या बाजूच्या रस्त्यावर मोटरसायकलींच्या शर्यती भरवणार आहेत, हे मामांनी कुठून तरी ऐकलं होतं. शेजाऱ्याच्या गाडीवर ते उसाच्या सरीतून चालवायलाही शिकले होते. साताऱ्यातल्या एका मिस्त्रीकडे तीन जुन्या गाड्या विकायला होत्या. मामांनी प्रत्येकीला दुरून प्रदक्षिणा घातली. बुलेटच्या मागच्या बाजूवर थाप मारून म्हणाले, "ह्यो नांगराचा. ताकद लय, पर वळणाला आंग सोडंल." राजदूतकडे मायेनं पाहिलं. "ह्यो गरीब. डेअरीला दूध घालाय बरा." जावाला मात्र मागून दोन धुराडी होती. मामा तिथं उकिडवे बसले आणि दोन्हींपुढे तळहात धरून म्हणाले, "चालू करा." धूर हातावर घेतला, वास घेतला. "दोन नाकपुड्या हायत. दम कोंडायचा न्हाई. आधी कुणाच्या दावणीला हुती?"

"एका डॉक्टरच्या," मिस्त्री म्हणाला.

"नवराबायकूचं पटत हुतं न्हवं? घरातल्या भांडणानं जनावर बुजतं."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. डॉक्टरांचा संसार सुखाचा असल्याची खात्री झाल्यावर आठ वर्षांची ती जावा मामांची झाली. तिच्यावर मागे बसून मी गावापर्यंत गेलो. मामा कासरा ओढावा तसं हँडल ओढत आणि ब्रेकच्या आधी तोंडानं "ह्वो, ह्वो" करत. कराडपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

मामी ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी उंबऱ्यातूनच गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाल्या, "आवं, एकच शर्यत. धड घरी आला तर ऱ्हाऊ दे ती. काय मोडून आला, तर दुसऱ्या दिशी भंगारात." मामा गोठ्याकडे गेल्यावर मला म्हणाल्या, "तू शिकलेला हायस. बारक्या गटात घाल त्यास्नी."

शर्यतीत गट इंजिनाच्या सीसीवर होते, अडीचशेपर्यंतचा आणि साडेतीनशेपर्यंतचा. शिवाय एक नवशिक्यांचा, फेऱ्या कमी असलेला. कवलापूरला नाव नोंदवायच्या टेबलापुढे मी भीत भीत तोच सुचवला.

"सारी हयात कासरा धरण्यात गेली, आन मी नवशिका?"

"मग अडीचशेचा घ्या. गाडी त्याच गटातली हाय."

"वय काय तिचं? आठ. म्हंजे जुळलेली. कवळ्या पोरांच्यात जुनं जनावर घालायचं, म्हंजे दात घासून मैदान फसवणं. आपल्यात कुणी केलं न्हाई ते."

"मामा, गट सीसीवर पडतोय."

"सीसी म्हंजे पोटच की रं. पोटावरनं कवा गट पडत्यात व्हय?"

यावर उत्तर बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी नाव नोंदवणाऱ्या पोराकडे आशेनं पाहिलं. तो म्हणाला, "काका, लहान गाडी मोठ्या गटात चालते. पण तुम्ही हरणार."

"हरंन की. फसवून जितण्यापरास बरं," मामा म्हणाले. मला मामींचा उंबऱ्यातला चेहरा दिसायला लागला.

टोपी न काढता, तिच्यावरच हेल्मेट दाबून मामा उभे राहिले. बाकीचे सुटले आणि दिसेनासे झाले. वळणाला ती पोरं गुडघा जमिनीला टेकेल इतकी गाडी झुकवायची. मामा वळणाला गाडीची मान थोपटायचे. पुढं गेलेली पोरं फेरी मारून पुन्हा मागून येऊन त्यांना ओलांडत होती. मामा शेवटचे आले. पण गाडीवर बसून, अखंड आले. मी खाली मातीतच बसलो.

आता घरी जायचं, म्हणून मी मागच्या सीटवर हात ठेवला, तर मामांनी तो बाजूला केला. "पळून आलेल्या जनावराव बसत्यात व्हय?" आणि ते चार कोस गाडी हातानं ढकलत निघाले. मोडलेल्या मांडीनं लंगडत, मधून मधून सावलीला थांबत. वाटेत कुणी विचारलं, "पेट्रोल संपलं का?" मामा म्हणाले, "न्हाई. दमलीया." मी मागून ढकलत होतो आणि कुणी ओळखीचं भेटू नये अशी प्रार्थना करत होतो.

गावाच्या शिवेवर मामी वैरणीचा भारा घेऊन येत होत्या. लंगडणारे मामा आणि ढकलत आणलेली गाडी त्यांना दुरून दिसली. भारा तिथंच पडला. मामींना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी मामांचे खांदे चाचपले, हात, मग मांडी. "कुठं लागलं?"

"मला काय न्हाई झालं. ही पळून आलीया."

मामी गाडीकडे बघत राहिल्या. आता भंगाराचं निघणार, असं मला वाटलं. पण त्या घरी पोचल्यावर कळशी भरून आल्या आणि मैदानावरून आलेल्या बैलाच्या पायांवर घालतात तसं पाणी त्यांनी पुढच्या चाकावर घातलं, मग मागच्या. "आत घ्या," म्हणाल्या, "उन्हात नगा ठेवू."

मामांनी त्यानंतर शर्यत केली नाही. का, ते मी विचारलं नाही. गाडी बैलांच्या रिकाम्या जागेत असते आणि बेंदराला, बैलांच्या सणाला, मामी तिलाही पोळीचा घास दाखवतात. माझं हे शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की नोकरीसाठी बाहेर पडायचं आहे. परवा तसं सांगायला गेलो, तर मामांनी माझी हनुवटी धरून मला उजेडाकडं वळवलं.

"हस बघू जरा," म्हणाले.

मी हसलो.

"आदत हायस रं अजून. बारक्या गटातनं पळ पयलं," म्हणाले, आणि तोंड फिरवून गोठ्यात गेले.