पितांबर नेसलेला पाय

फुटबॉल खेळताना स्वतःचा पाय मोडून घेणारे पुष्कळ असतील. पण त्याच धडकेत आपल्याच गोलकीपरचाही पाय मोडणारा खेळाडू माझ्या थोरल्या साडूंशिवाय पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. तो गोलकीपर मी. साडू पेणचे, गणपतीच्या मूर्ती घडवणारे; मी रोह्याचा, धाटावच्या एका कंपनीत खुर्ची झिजवणारा. आमची सासुरवाडी गडबला. भातकापणी झाली की तिथल्या मोकळ्या खाचरात जावई विरुद्ध गाव असा फुटबॉलचा सामना होतो, आणि न खेळणाऱ्या जावयाला वर्षभर चहासुद्धा जरा उशिराच मिळतो. मला पळता येत नाही म्हणून मला गोलात उभं करतात. साडू खेळायचे पुढे. पण त्यांच्या मूर्तीला दुसऱ्या कारागिराने हात लावलेला जसा त्यांना खपत नाही, तसा चेंडूला दुसऱ्या कुणाचा पाय लागलेलाही खपायचा नाही. त्या वर्षी चेंडू गोलाकडे आला तेव्हा ‘माझा!’ म्हणत मी झेपावलो, ‘माझा!’ म्हणत तेही मागे धावत आले, आणि चेंडू आम्हा दोघांनाही न लागता बांधापलीकडे गेला. त्यांची नडगी मोडली आणि माझा घोटा.

“आमच्या शेतान मोडलं, आता आमच्याच ओटीवरनं चालत जातील,” असं सासूबाईंनी दोन्ही लेकींना बजावलं. साडूंच्या नडगीत सळई घालून झाली, माझं प्लास्टर झालं, आणि आम्ही दोघे गडबच्या ओटीवर शेजारशेजारच्या खाटांवर येऊन पडलो. माझ्यावाचून कंपनीचं किती अडतं हे मला तिथे कळलं. होळीपर्यंत एकही फोन आला नाही. साडूंना मात्र रिकामं बसवेना. त्यांनी रंग-कुंचले मागवले आणि माझ्या प्लास्टरवर जरीकाठाचा पितांबर रंगवला, अगदी निऱ्यांसकट. शेजारणी मला बघायला म्हणून यायच्या आणि पाय बघून जायच्या. पुढे प्लास्टर कापायची वेळ आली तेव्हा डॉक्टर हातात यंत्र धरून नुसताच उभा राहिला. त्याला ते कापवेना.

मग व्यायाम सुरू झाले. पायाला वाळूची पिशवी बांधून उचला, असं सांगितलं होतं. साडूंनी शाडूच्या मातीची गच्च पिशवी बांधली आणि दात-ओठ खात सकाळ-संध्याकाळ पाय उचलू लागले. मी पिशवीत पोहे भरून घेतले. उचलायला हलके, आणि दमल्यावर खाताही येत. त्यांनी एकदा माझी पिशवी हातात तोलून पाहिली. “साडूभाऊ, ह्यानं पाय नाय, पोट भरंल,” ते म्हणाले. शिमग्यापर्यंत ते काठीशिवाय चालू लागले, पावसाळ्यात स्कूटरवरून मूर्तींच्या कारखान्यात जाऊ लागले. पण मोडलेला उजवा पाय ते कुठेही पुढे घालत नसत. पायात घुटमळणारं मांजरसुद्धा डाव्या पायाने बाजूला सारत.

“ह्या वर्षी खेळणार ना?” मी विचारलं. साडू नडगी चोळत म्हणाले, “मूर्तीचा मोडलेला हात मी जोडतो, तर सांधा कुनाला दिसत नाय. पन गिऱ्हाइकाला सांगतो, थितं धरून उचलू नका. मंग माझ्याच सांध्यावर मी भार कसा दिऊ?” मी पोहे पुढे केले.

सामन्याला ते आले, पण गोलाच्या जवळपासच लंगडत घुटमळत राहिले. आणि नेमका चेंडू पुन्हा आम्हा दोघांच्या मधे आला. “तुमचा!” मी ओरडलो. “तुझा!” ते ओरडले. दोघेही अदबीने थांबलो आणि चेंडू मधून निवांत गोलात गेला. सगळं गाव हसून लोळलं. मीही हसलो. साडू हसले नाहीत. गोलाला बांधलेल्या जुन्या मासेजाळ्यातून त्यांनी चेंडू सोडवला, पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

“द्या भार,” मी हळूच म्हणालो. आयुष्यात मी दिलेला हा एकच उपयोगी सल्ला. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा पाय असा हाणला, की चेंडू गावाच्या सगळ्या गड्यांच्या डोक्यावरून शेजारच्या वालाच्या शेतात पडला. सासरे “वाल तुडवू नका रं!” म्हणून ओरडत होते. बांधावर सासूबाई पदर डोळ्यांना लावून लेकीला सांगत होत्या, “अगो, चालला गो पाय!” मलाही रडू आलं, ते मी घाम म्हणून पुसलं.

आता साडू दर वर्षी खेळतात. मी बांधावर बसून त्यांच्या चपला सांभाळतो. पाय बरे झाले तसे ते पेणला गेले, मी रोह्याला आलो, आणि आमची भेट वर्षातून त्या एका सामन्यापुरती उरली. पाय बरा झाल्याचं वाईट वाटणारा मी एकटाच असेन. सामना संपला की ते येतात, मूर्तीला तडा तर नाही ना हे बघावं तसा माझ्या घोट्यावरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, “दुखतं काय रं, साडूभाऊ?” घोटा केव्हाच दुखायचा थांबला आहे. पण मी ‘हो’ म्हणतो. मग ते आणखी थोडा वेळ माझ्याजवळ बसतात.