खाली उभी टॅक्सी

दोघे भाऊ एकाच सलूनमधले न्हावी. गावाच्या लेखी एक थोरला आणि एक धाकटा. खरी नावं विचारली असती तर रोजच्या गिऱ्हाइकांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. थोरला वयानं पुष्कळच मोठा. धाकट्याच्या हातात पहिला वस्तरा त्यानंच दिला, तोही आधी फुगवलेल्या फुग्याला साबण फासून. "फुगा फुटला तर फुगा जातो. गिऱ्हाइकाचा गाल कापला तर दुकान जातं," असं तो बजावायचा.

त्या दुकानाचा एक नियम होता, थोरल्यानंच घातलेला. गालावर वस्तरा फिरतोय तोवर बोलायचं ते न्हाव्यानं, गिऱ्हाइकानं हूं की चूं करायचं नाही. बोललं की जबडा हलतो आणि हललेल्या जबड्यावर पातं घसरतं. पण गिऱ्हाईक गप्प बसवायचं म्हणजे त्याला रमवायला हवं. त्यामुळे दोन्ही भावांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. गावातली लग्नं, भांडणं, कोणाची म्हैस हरवली, कोणाचा जावई रुसला, सगळं त्या दोन खुर्च्यांत आधी कळायचं. गंमत अशी, की दिवसभर इतकं बोलणारे हे दोघे दुकान बंद करून घरी जाताना एकमेकांशी अवाक्षर काढत नसत. गरजच वाटायची नाही. उद्या भेटायचंच होतं.

मग थोरल्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मुलगा शहरात नोकरीला होता, तो बापाला घेऊन गेला. एका खुर्चीवर धाकट्यानं टॉवेल पसरून ठेवला आणि उरलेल्या खुर्चीवर दुकान चालवलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, जमेल तसा, तो भावाला भेटायला जायचा. आगगाडीचं काही नाही, ती गरिबाची सोयरी. खरा घोळ पुढे. पुतण्याचं घर शहराच्या पार टोकाला, टेकडीवरच्या नव्या इमारतींत. बस तिथवर जात नव्हती, आणि टॅक्सीवाला जे भाडं सांगायचा ते ऐकून धाकटा खिसा चाचपायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! "आम्ही निदान पाणी लावून करतो," तो दुकानात सांगायचा, "शहरातले टॅक्सीवाले बिनपाण्यानं करतात." गिऱ्हाईक गालावर साबण असूनही हसायचं आणि ओरडा खायचं.

पहिल्या खेपेला त्यानं टॅक्सी सोडून दिली होती. परत निघाला तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हातान्हात टेकडी उतरून पायी स्टेशन गाठेपर्यंत गाडी गेली, रात्र बाकड्यावर काढली, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला उशीर आणि वर बायकोची बोलणी. तेव्हापासून तो टॅक्सी खाली थांबवून ठेवायला लागला. थांबल्याचे पैसे वेगळे. पुतण्या म्हणाला होता, "काका, टॅक्सीचं मी बघतो, तुम्ही निवांत बसा." पण ज्याला खांद्यावर बसवून फिरवलं त्याच्यापुढे हात पसरायचा? "मला भीक लागलेली नाही," असं धाकट्यानं तोडून टाकलं. मला विचाराल तर तो मान त्याला टॅक्सीपेक्षाही महाग पडला.

तर भेट अशी व्हायची. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचायचं. खिडकीतून एकदा खाली डोकावून टॅक्सी आहे ना ते बघायचं. मग पिशवी उघडून थोरल्याच्या गळ्याभोवती टॉवेल अडकवायचा, ब्रश ओला करायचा आणि कामाला लागायचं. नुसतं बसून राहणं त्याला जमायचंच नाही. भावासाठी काही करायचं म्हणजे दाढी करायची, दुसरं त्याला येत होतं कुठं?

थोरल्याला काहीतरी सांगायचं असायचं. हे धाकट्याला दिसत होतं. भाऊ आला की म्हाताऱ्याचा डावा गाल थरथरायचा, ओठ जुळायचे, सुटायचे, एक अक्षर घशातून वर यायला धडपडायचं. "आ... आ..."

"हलू नकोस दादा, लागेल," धाकटा म्हणायचा आणि गावच्या बातम्या सुरू करायचा. गिरणीवाल्यानं कवळी बसवली. पोस्टमनची मुलगी पास झाली. थोरला लगेच तोंड मिटायचा. नियम त्याचाच होता, तो कसा मोडणार? टॉवेलात मान ताठ धरून तो गप्प ऐकत राहायचा, आणि सून चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची. एकदा ती "काका, बाबांना जरा..." असं म्हणाली, तर थोरल्यानं डावा हात वर करून तिला गप्प केलं.

दाढी झाली, तुरटी फिरली, की तो पुन्हा जोर लावायचा. "दा... दाढी..."

"झाली ना गुळगुळीत? बघ आरशात. अगदी नवरदेव!" धाकटा वस्तरा पुसता पुसता म्हणायचा. तोवर खालून हॉर्न वाजलेला असायचा. "येतो दादा. खाली गाडी उभी आहे. पुढच्या खेपेला बोलू निवांत."

अशा कितीतरी खेपा झाल्या. प्रत्येक वेळी परतीच्या वाटेवर त्याला चुटपुट लागायची, आणि प्रत्येक वेळी तो मनाशी म्हणायचा, पुढच्या वेळी जरा बसू.

एका सकाळी दुकानातला फोन वाजला. सून होती. "काका, काल पहाटे बाबांना परत झटका आला. डॉक्टर घरीच येऊन गेले, धोका टळलाय म्हणतात. पण आता तोंडातून आवाजच येत नाही." धाकट्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी हात जोडले आणि स्टेशन गाठलं.

जिना चढून तो दारात पोचला तेव्हा सून डोळे पुसत होती. त्यानं विचारलं, "शेवटचं काही बोलला का गं?"

ती घुटमळली. "राग मानू नका काका. जिभेचा व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या ना, त्यांच्याकडून बाबा एकच वाक्य घोटून घेत होते. तुम्ही यायचे असलात की सकाळपासून तेच चालायचं. मी म्हटलं, मी सांगते काकांना, तर हात उगारला माझ्यावर. स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं त्यांना."

"काय सांगायचं होतं?"

"'आज दाढी नको. बस.'"

धाकट्याची नजर हातातल्या पिशवीवर गेली.

"दाढी काय, हे करतात रोज त्यांची, ऑफिसला जायच्या आधी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही यायच्या दिवशी तेवढी ठेवायला लावायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

तो जिना उतरला आणि टॅक्सीवाल्याचे पैसे चुकते केले. "थांबू ना मी? परत जायला इथं गाडी मिळायची नाही, काका," टॅक्सीवाला म्हणाला. "माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तू जा."

वर येऊन त्यानं पिशवी दाराशीच ठेवली आणि खुर्ची पलंगाला टेकवून बसला. थोरल्याचे डोळे उघडे होते. दोन दिवसांचे पांढरे खुंट गालावर वाढले होते.

"दादा, आज दाढी नाही," तो म्हणाला. "गाडी सोडून दिली. बसलोय मी. आता तू बोल. कितीही वेळ लागू दे."

थोरल्याचे ओठ विलगले. गाल थरथरला. धाकटा मध्ये एक शब्द बोलला नाही, या खोलीत पहिल्यांदाच. त्यानं भावाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कान त्याच्या तोंडाजवळ नेला. ऊन खिडकीतून सरकत पलंगावर आलं आणि निघूनही गेलं. कानाला फक्त श्वास लागत होता. थोरल्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं.

"बोल ना रे दादा," धाकटा म्हणाला. म्हणाला तो लहानपणीच्या आवाजात, ज्या आवाजात तो फुगा फुटल्यावर रडायचा. तो आवाज थोरल्याला नक्कीच ओळखू आला असणार. पण थोरल्याच्या तोंडून शब्द आला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही.